मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर किती, वेळ किती आणि आकडे जुळत का नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर दाखवतात. विमान ताशी 900 किलोमीटरने जातं. भागाकार केला तर चौदा तास येतात, मग तिकिटावर सोळा का? परत येताना दीड-दोन तास कमी का लागतात? आणि पुण्याहून अमेरिकेत न्यूजर्सीतल्या एडिसनला मुलाकडे निघालेल्या आईवडिलांनी थेट विमान घ्यावं की मध्ये थांबा घ्यावा?

आधी आकडे देतो. मुंबईच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर 12,540 किलोमीटरच्या आसपास आहे. मैलांत हेच सुमारे 7,790 आणि सागरी मैलांत सुमारे 6,770 होतं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं निम्मं कारण इथेच आहे. साधा मैल 1.609 किलोमीटरचा आणि सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैलांत बोलतात, तर विमान कंपन्यांच्या बक्षीस-मैलांचा हिशेब साध्या मैलांत चालतो. थेट विमानाला मुंबईहून जाताना साधारण पंधरा ते साडेसोळा तास लागतात आणि येताना साडेतेरा ते पंधरा. नेवार्कला जायचं असेल तरी हेच आकडे धरा, कारण दोन्ही विमानतळ एकाच महानगराच्या दोन बाजूंना आहेत.

आता हे अंतर येतं कुठून ते बघू. शाळेतला त्रिकोणमितीचा धडा आठवत असेल तर घरी कॅल्क्युलेटरवरही काढता येतं. मुंबई विमानतळ 19.09 अंश उत्तर, 72.87 अंश पूर्व. जेएफके 40.64 अंश उत्तर, 73.78 अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: 146.65 अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार 0.327 गुणिले 0.651, म्हणजे 0.213. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार 0.945 गुणिले 0.759, आणि त्याला 146.65 अंशाच्या कोसाइनने, म्हणजे उणे 0.835 ने गुणलं की येतं उणे 0.599. बेरीज उणे 0.386. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन 112.7 अंशाचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे 111.2 किलोमीटर, म्हणून उत्तर 12,532. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे अचूक मोजणीत काही किलोमीटरांचा फरक पडतो, पण त्यात अडकण्याचं कारण नाही. बहुतेकांची चूक रेखांशात होते: बेरजेऐवजी वजाबाकी केली की न्यूयॉर्क मध्य आशियात जाऊन पडतं.

त्रिकोणमितीचा कंटाळा असेल तर पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई-न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जात नाही, जवळजवळ उत्तरेला जातो. मुंबईहून निघताना या सर्वांत जवळच्या मार्गाची दिशा 333 अंश, म्हणजे उत्तरेपासून जेमतेम 27 अंश पश्चिमेला. तो सिंध-बलुचिस्तानवरून अफगाणिस्तानात शिरतो, हेरातच्या आसपासून जातो, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळून समुद्रावर, फेरो बेटांच्या उत्तरेला 64.7 अंश अक्षांशापर्यंत चढतो, आइसलँड ओलांडतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चिकटून खाली उतरतो आणि कॅनडाच्या लॅब्राडोरवरून न्यूयॉर्क गाठतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली तर सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग नुसता अटलांटिक लागतो. ती रेघ सरळ दिसते, पण भरते सुमारे 14,200 किलोमीटर. सोळा-सतराशे किलोमीटर जास्त. सीटसमोरच्या पडद्यावर विमान उगाच कमानीसारखं वर चढताना दिसतं ते नकाशाच्या सपाटपणामुळे.

मात्र या आदर्श मार्गाने भारतातून निघालेलं प्रवासी विमान क्वचितच जातं. तिकिटावरच्या जादा वेळाचं पहिलं मोठं कारण हेच: कोणाचं आकाश कोणाला उघडं आहे. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही आठवड्याभरात उलट बंदी घातली, आणि नंतर दोन्हीकडून ती महिन्यामहिन्याने वाढवली गेली. 2019 च्या फेब्रुवारीतही असंच झालं होतं, तेव्हा पाकिस्तानचं आकाश जुलैच्या मध्याला खुलं झालं. रशियाची गोष्ट उलटी आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, 2022 च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकन, कॅनडाच्या आणि युरोपीय महासंघाच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने त्या मार्चमध्ये मुंबई-नेवार्क सेवा थांबवली ती याच कारणाने. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर कंपनीच्या राष्ट्रीयत्वानुसार बदलतं. युक्रेनचं आकाश तर 24 फेब्रुवारी 2022 पासून सगळ्यांनाच बंद आहे.

पाकिस्तान टाळायचा म्हटला की मुंबईचं विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला ओमानकडे जातं आणि तिथून उत्तरेला वळतं. मुंबई-मस्कत-इस्तंबूल-न्यूयॉर्क असे तुकडे जोडले तर बेरीज सुमारे 12,990 किलोमीटर होते. म्हणजे वळसा साडेचारशे किलोमीटरचा, वेळेत अर्धा तास. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, कारण बातम्यांमध्ये तास-दीड तासाचे आकडे असतात. ते मुख्यतः दिल्लीचे. दिल्लीहून उत्तर-पश्चिमेला निघालं की लगेच पाकिस्तान लागतो, त्यामुळे तिथल्या विमानाला आधी गुजरातकडे खाली उतरून मग समुद्रावर जावं लागतं. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून थांबवली तेव्हा दिलेल्या कारणांत विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हेही होतं. या बाबतीत मुंबईकर नशीबवान, त्यांच्या दारात समुद्र आहे.

पण त्या समुद्रापलीकडचं आकाशही भरवशाचं नाही. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराकचं आकाश बंद झालं, 23 जूनला कतारनेही काही तास आपलं आकाश बंद ठेवलं, आणि एका रात्रीत शेकडो विमानांचे मार्ग बदलले. अशा वेळी कंपनी तीनपैकी एक पर्याय घेते. लांबचा मार्ग घेऊन तेवढं इंधन भरायचं, किंवा युरोपात कुठेतरी इंधनासाठी तासभर उतरायचं (2025 मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं अशी व्हिएन्नात उतरत होती), नाहीतर फेरी रद्द करायची. इंधनासाठीच्या थांब्यात प्रवासी बहुधा आतच बसून राहतात. पण तासाचा थांबा म्हणजे उतरणं, इंधन भरणं, पुन्हा चढणं मिळून प्रवासात दीड-दोन तासांची भर पडते.

अफगाणिस्तान वेगळंच प्रकरण आहे. ऑगस्ट 2021 पासून तिथे हवाई वाहतूक नियंत्रण धड चालत नाही, आणि खाली हिंदुकुश. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते बावीस मिनिटं पुरतो. पर्वतांची शिखरंच वीस हजार फुटांवर असतील तर तेवढ्या वेळात सखल भागाकडे निसटायची वाट आधीच आखलेली असावी लागते. म्हणून नकाशावर मोकळा दिसणारा प्रदेशही मार्ग आखणारे लोक मोकळा धरत नाहीत.

दुसरं कारण वारा, आणि माझ्या मते लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. परतीला वेळ कमी लागतो तो पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून, असं अनेकजण सांगतात. वरकरणी पटतंही. पण पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच उडतं. नुसत्या फिरण्याने फरक पडला असता तर विमानाला तरंगत थांबून न्यूयॉर्क खाली येण्याची वाट बघता आली असती. फरक पडतो तो तीस ते साठ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान झोतामुळे. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर ही त्याची नेहमीची चाल, हिवाळ्यात त्याहून बरीच जास्त. फेब्रुवारी 2020 मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

हिशेब करून बघा. बोइंग 787 चा उंचीवरचा वेग ध्वनीच्या 0.85 पट, म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे 900 किलोमीटर. सगळ्या मार्गावर सरासरी 45 किलोमीटरचा समोरचा वारा धरला तर जमिनीवरून मोजलेला वेग 855. प्रत्यक्ष मार्ग 13,000 किलोमीटर धरा: 15 तास 12 मिनिटं. परतीला तोच वारा पाठीशी असेल तर वेग 945, वेळ 13 तास 45 मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, फरक दीड तासाचा. आणि 45 हा सौम्य आकडा आहे. जानेवारीत अटलांटिकवर सरासरी सहज वर जाते, म्हणून हिवाळ्याच्या वेळापत्रकात कंपन्या जाण्याचा वेळ थोडा वाढवून ठेवतात.

लांबचा मार्ग कधी कधी लवकर पोचवतो, याचं भारतातलं उत्तम उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं हे विमान सुरुवातीला अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त, पण वारा पाठीशी आल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. सिंगापूर-न्यूयॉर्क हे सध्याचं जगातलं सर्वांत लांब नियमित विमानही जाताना बहुधा प्रशांत महासागरावरूनच जातं, त्याच हिशेबाने. मुंबई-न्यूयॉर्कला मात्र ही चतुराई परवडत नाही, पूर्वेकडून वळसा फारच मोठा पडतो.

अटलांटिकवरची वाहतूकही या झोताभोवतीच बांधलेली आहे. कॅनडातलं गँडर आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक अशी दोन केंद्रं दिवसातून दोनदा मार्गिका जाहीर करतात. अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी दिवसाच्या मार्गिका वारा चुकवून, युरोपकडे येणाऱ्यांसाठी रात्रीच्या मार्गिका वारा पकडून. त्यामुळे आज विमान आइसलँडजवळून गेलं आणि उद्या आयर्लंडवरून, तर त्यात काही बिघडलेलं नसतं. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला कुठल्याही क्षणी, एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ हाताशी लागतो. आइसलँडचं केफ्लाविक, आयर्लंडचं शॅनन, कॅनडाचं गूज बे ही ठिकाणं त्यासाठीच. भर हिवाळ्यात तिथे हिमवादळ असेल तर मार्ग आणखी दक्षिणेला सरकतो.

तिसरं कारण कंटाळवाणं पण हमखास आहे. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. मुंबईत विमान गेटवरून हलल्यापासून न्यूयॉर्कला गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच चालते. रात्री बारा ते तीन ही परदेशी विमानांच्या गर्दीची वेळ. गेट सोडून चाकं उचलेपर्यंत वीस-तीस मिनिटं सहज जातात. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तासही लागतो. उंची गाठेपर्यंत आणि उतरताना वेग कमी असतो, तिथे आणखी पंधरा-वीस मिनिटं. कंपनी वर थोडा जादा वेळही धरून ठेवते, कारण वेळेवर पोचल्याची टक्केवारी तिला जपायची असते. म्हणून कुठल्याही दोन लांबच्या शहरांसाठी झटपट अंदाज हवा असेल तर हवाई अंतर 850 ने भागा आणि पाऊण तास मिळवा. अमेरिकेकडे जाताना आणखी अर्धा तास धरा. 12,540 भागिले 850 म्हणजे पावणेपंधरा, अधिक पाऊण, अधिक अर्धा: सोळा. तिकिटावरचा आकडा हाच.

अचूक वेळ हवी असेल तर अंदाज सोडा. विमान मागोवा दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर त्या फ्लाइट नंबरचे गेल्या आठ-दहा दिवसांचे प्रत्यक्ष सुटण्याचे आणि उतरण्याचे वेळ बघा. वेळापत्रक सहा महिन्यांपूर्वी केलेलं असतं, आकाश काल बदललेलं असतं.

आता घड्याळाकडे येऊ. भारत ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. म्हणजे फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. या तारखांच्या मधल्या काळात (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा) लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो, आणि लंडनमार्गे जाणाऱ्यांचा थांब्याचा हिशेब तिथेच चुकतो. तिकिटावरच्या सगळ्या वेळा स्थानिक असतात एवढं धरून ठेवा.

पद्धत सोपी: सगळं भारतीय वेळेत मोजा आणि शेवटी एकदाच बदला. उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री 1.30 ला निघालं, सोळा तास लागले, तर भारतात संध्याकाळचे 5.30 झाले. साडेनऊ तास मागे गेलं की न्यूयॉर्कला सकाळचे 8, तारीख तीच. हिवाळ्यात सकाळचे 7. परतीला न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात सकाळी 11 ला निघालं तेव्हा भारतात रात्रीचे 8.30 असतात. साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे 11. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं ते यासाठी. मुंबईत आणायला येणारे ते वाचत नाहीत आणि एक दिवस आधी विमानतळावर जाऊन उभे राहतात.

पण याहून महागात पडणारी चूक जातानाची आहे. तिकिटावर 12 तारीख, रात्री 1.30 असं असेल तर घरातून 11 तारखेला निघायचं. 12 च्या रात्री निघालात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. हे सुशिक्षित, फिरलेल्या लोकांच्या बाबतीतही होतं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर फ्लाइटची तारीख न लिहिता घर सोडण्याची तारीख आणि वेळ लिहावी.

पुण्यातल्या कोथरूडहून न्यूजर्सीतल्या एडिसनपर्यंत दार ते दार हिशेब मांडला तर विमानाचे सोळा तास किती लहान दिसतात बघा. संध्याकाळी 5 ला घर सोडलं. घाट, पनवेल, सायन मिळून साडेचार तास धरलेच पाहिजेत, पावसाळ्यात किंवा जोडसुट्टीला सहा. 9.30 ला विमानतळ. अमेरिकेच्या विमानांना गेटवर पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते आणि काउंटर तास-सव्वा तास आधी बंद होतो, त्यामुळे चार तास आधी पोचणं उधळपट्टी नाही. 1.30 ला उड्डाण, सकाळी 8 ला जेएफके. इमिग्रेशन आणि सामान मिळून पावणेदोन तास. तिथून एडिसन साठ-सत्तर किलोमीटर, पुलांवरच्या गर्दीत दीड तास. घरी सव्वाअकरा, म्हणजे भारतात रात्रीचे पावणेनऊ. एकूण पावणेअठ्ठावीस तास. न्यूजर्सीत उतरायचं असेल तर नेवार्कचं विमान बघावं असं म्हणतात ते यासाठीच. हवेतलं अंतर सारखंच, पण खाली तासभर वाचतो.

थांबा घ्यावा का? इथे अंतराचा हिशेब खरोखर उपयोगी पडतो. मुंबई-लंडन 7,210 आणि लंडन-न्यूयॉर्क 5,540 मिळून 12,750 किलोमीटर. थेटपेक्षा फक्त दोनशे जास्त, कारण लंडन त्या ताणलेल्या दोऱ्याच्या फारसं बाहेर नाही. इस्तंबूलमार्गे बेरीज सुमारे 12,860. दुबईमार्गे 1,930 अधिक 11,000, म्हणजे 12,930. दिल्लीमार्गे साधारण तेवढंच. म्हणजे कुठेही थांबलात तरी किलोमीटर फार वाढत नाहीत. वाढतो तो जमिनीवरचा वेळ. पण हे पर्याय शरीराला सारखे नाहीत. दुबईचा थांबा प्रवासाचे तीन आणि चौदा तास असे तुकडे करतो. ज्यांचे गुडघे किंवा पाठ चौदा तास बसू देत नाही, त्यांना त्याचा काही उपयोग नाही. तीन तासांनी उठवून पुन्हा चौदा तास बसवायचं. आखाती थांबा भाड्यासाठी किंवा सामानाच्या सवलतीसाठी घ्यावा, आरामासाठी नाही. आरामासाठी हवा असेल तर लंडन किंवा फ्रँकफर्ट: साडेनऊ-दहा तास, मग पाय मोकळे, मग आठ-साडेआठ तास. इस्तंबूलला जरा असमान, पण तरीही दुबईपेक्षा बरा. चालण्याचा त्रास असलेल्यांना थांब्यावर व्हीलचेअर लागेल हे तिकीट काढतानाच नोंदवावं. काउंटरवर सांगितलं तर मिळते, पण वाट बघत कनेक्शन जातं.

थांबा किती असावा? मला अडीच ते चार तास योग्य वाटतात. वेळापत्रक दीड तासाचा थांबाही विकतं आणि तो नियमाने वैध असतो, पण मुंबईहून अर्धा तास उशीर झाला की धावपळ सुरू. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कंपनीची. स्वस्तात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर ती तुमची, आणि सामानही मध्ये काढून पुन्हा द्यावं लागतं. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी थांबा तीन तासांहून कमी घेऊच नये, कारण तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन जाण्याआधीच होतं. तो वेळ तिथे जातो, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे भारतीय पासपोर्टवाल्यांनी तपासावं. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, पण नियम देशागणिक आहेत आणि बदलतात. आणि न्यूयॉर्कच्या पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन आणि सामान, त्यामुळे पुढच्या विमानाआधी तीन तास ठेवा.

वेळापत्रक बिघडवणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं, त्यामुळे त्या दोन महिन्यांत दिल्लीमार्गे पहाटेचं कनेक्शन टाळलेलं बरं. जुलैत मुंबईचा पाऊस, तेव्हा येणारी विमानं घिरट्या घालतात किंवा अहमदाबाद, हैदराबादला वळवली जातात. जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा बर्फ. आणि एक न दिसणारं कारण: वैमानिकांचे कामाचे तास. इतक्या लांबच्या विमानात साधारण चार वैमानिक असतात, आळीपाळीने झोपतात, तरी त्यांच्या एकूण कामाच्या वेळेला कायद्याची मर्यादा असते. सोळा तासांच्या फेरीत सुटण्याआधी तीन-चार तासांचा उशीर झाला की ती मर्यादा ओलांडते आणि नवे वैमानिक मिळेपर्यंत विमान हलत नाही. म्हणून थेट विमानाचा तीन तासांचा उशीर कधी कधी एकदम बारा तासांचा होतो. लोक चिडतात, पण काउंटरवरच्या माणसाच्या हातात तेव्हा खरंच काही नसतं.

हिवाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. समोरचा वारा जोरात असेल तर जास्त इंधन लागतं. या पल्ल्यावर मोठ्या 777 विमानात उड्डाणाच्या वेळी शंभर टनांहून जास्त इंधनच असतं. विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा असल्यामुळे इंधन वाढलं की दुसरं काहीतरी कमी करावं लागतं: आधी माल, मग काही सीट रिकाम्या, कधी प्रवाशांचं सामान मागे राहून दुसऱ्या दिवशी येतं. म्हणून औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि मुलाचा अमेरिकेतला पत्ता-फोन लिहिलेला कागद हातातल्या पिशवीत असावा.

औषधांची वेळ हा वडीलधाऱ्यांचा खरा प्रश्न असतो. मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा आणि गोळ्या त्याप्रमाणे घ्या; मोबाइल आपोआप वेळ बदलतो, त्यावर लावलेला गजर फसवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकाचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. न्यूयॉर्कला न्यायला येणाऱ्याने वेळापत्रकातली वेळ न धरता त्या दिवशीचं प्रत्यक्ष उतरणं ॲपवर बघावं आणि विमान टेकल्यावर घर सोडलं तरी चालतं. व्हीलचेअर घेतलेले प्रवासी विमानातून शेवटी उतरतात, पण इमिग्रेशनला बहुधा त्यांची रांग वेगळी आणि लहान असते, त्यामुळे ते कधी कधी बाकीच्यांच्या आधीच बाहेर येऊन उभे असतात.